बकरीचा उपास

त्या वर्षांत कापसाचं नाव काढलं की माणसं विषय बदलायची. अर्धी बोंडं अळीनं खाल्लेली, उरलेल्याला भाव नाही. ज्याच्या दारात बकरी, त्याच्या चुलीवर निदान चहा तरी, अशी गत होती. मी तेव्हा जनावरांच्या एका दवाखान्यात ड्रेसर, म्हणजे मलमपट्टी करणारा, होतो. पाय मोडलेली बकरी सुरीखाली जाते, हे मला पाठ होतं. आमच्या डॉक्टर मॅडमना मात्र ते मुळीच मान्य नव्हतं.

घाटंजीकडची एक म्हातारी दुभती बकरी घेऊन एसटीनं आली. मोटारसायकलच्या धडकेत मागचा पाय मोडलेला. "एकच जनावर हाय मॅडम माह्यं. लोक म्हनतात, कापून टाक. कायले कापू?"

मॅडमनी हाडात बसवायचा स्टीलचा दांडा माणसांच्या डॉक्टरकडून मागून आणला. म्हणाल्या, "उद्या ऑपरेशन. आता बकरीला उपास ठेवा." भरल्या पोटी भूल दिली की पोटातलं वर येतं, फुप्फुसात जातं आणि बकरी टेबलावरच संपते.

म्हातारी व्हरांड्यातच राहिली. सकाळी मी विचारलं, "मावशी, काही खाऊ नाही ना घातलं?"

मावशी चांगलीच दुखावली. "ज्वारीचा एक दाना नाई देल्ला! उपासाचंच देल्लं. भगर अन् शेंगदाने."

मी कपाळावर हात मारला. आता तोंड सोडणार, तोच मॅडम हसायला लागल्या. "चूक माझी. आपल्याकडे उपासाला उपाशी असतं कोण? मी 'उपाशी ठेवा' म्हणायला हवं होतं." ऑपरेशन एक दिवस पुढं गेलं. चूक अशी हसत अंगावर घेणारा साहेब मी तोवर पाहिला नव्हता.

दुसऱ्या दिवशी मानेतल्या शिरेत सुई गेली. सिरिंज माझ्या हातात, कान मॅडमच्या शब्दाकडे. "हळू. अजून थोडं. बस." बकरी लुळी पडली. लाळ बाहेर वाहावी म्हणून त्यांनी मानेखाली उशी देऊन तोंड उतरतं ठेवलं. हाड जुळत आलं आणि बरगड्या हलायच्या थांबल्या. मॅडमचा आवाज होता तसाच. "औषध बंद." त्यांनी जीभ बाहेर ओढली, बरगड्या दाबल्या, सोडल्या, पुन्हा दाबल्या. बकरीनं एक लांब श्वास घेतला. मॅडम हातमोजे बदलून परत हाडाकडे वळल्या. इतकं खंबीर काळीज मी दुसऱ्या कुणाचं पाहिलं नाही.

दुपारी बकरीनं डोकं उचललं. मी मावशीला चहा दिला तर तिनं कप बाजूला सारला. कालपासून ती पाण्यालाही शिवली नव्हती. "मुकं जनावर उपाशी, अन् म्या खाऊ?"

"तिनं रवंथ सुरू केलं की समजा पोट चालू झालं," मॅडम म्हणाल्या आणि मावशीशेजारी बसून राहिल्या. मी माझा डबा केव्हाच चाटूनपुसून संपवला होता. त्यांचा तसाच टेबलावर होता.

उन्हं उतरली तेव्हा बकरीचा जबडा हलू लागला. मावशीनं बोरीचा पाला पुढं केला. बकरीनं तो ओढला मात्र, मावशी ढसाढसा रडली. मग पदराची गाठ सोडून तिनं उरलेले शेंगदाणे आधी मॅडमच्या ओंजळीत घातले.

"घ्या. उपासाचे हायेत, चालते तुमाले."

देवाधर्माच्या वाटेला कधी न गेलेल्या आमच्या मॅडमनी ते कपाळाला लावले आणि उपास सोडला.