अंगणातल्या खडूच्या रेघा

लालबागला मिरच्या भाजल्याचा ठसका लागला, की मी खोकता खोकता हसायला लागते. काही वर्षांपूर्वी इथल्या समोरासमोरच्या दोन चाळींत समेट व्हावा म्हणून आमची संस्था क्रिकेटची मॅच भरवणार होती. "आधी भांडण समजून घे, नाहीतर आणखी पेटवून येशील," असं संस्थेच्या प्रमुख बाईंनी बजावलं होतं, म्हणून मी मधल्या अंगणात वाळत घातलेल्या मिरच्यांशेजारी खडूने दोन्ही चाळी काढल्या आणि कोणाचं कोणाशी वाकडं आहे ते विचारत रेघा ओढू लागले. गॅलरीतून एक काकू ओरडल्या, "मॅच नको गो बाय! दरवर्षी पोरांचा बॉल मिरच्यांत पडतो आणि तिथूनच सुरू होतं!" मॅच तिथेच बारगळली. मग दोन्हीकडच्या बायका खाली उतरून माझ्या रेघा तपासू लागल्या. "ही पूस, माझं हिच्याशी नव्हतं, हिच्या सासूशी होतं. ती गेली बिचारी." "मग माझीपण पूस." पुसता पुसता एकच रेघ उरली, त्या काकूंची आणि समोरच्या मावशींची. "ही राहू दे," मावशी म्हणाल्या, "भांडायला कोणीतरी हवं ना!" सगळं अंगण हसलं. आता दर उन्हाळ्यात त्या दोघींनी मिळून केलेला मसाला माझ्याकडे येतो, आणि लवंग कोणी जास्त टाकली ते सांगायला दोघींचे वेगवेगळे फोन.