चिखल कोन देतंय?

कॉम्प्युटर मंदावला की सुरेखाताई म्हात्रे त्याच्या पेटीवर पालथा हात ठेवायच्या, आजारी पोराचा ताप बघावा तसा, आणि विचारायच्या, "चिखल कोन देतंय?" आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजात त्या संगणकावरची मोठी आकडेमोड शिकवायच्या, मी स्थापत्य. नवे विद्यार्थी या प्रश्नाने गांगरून जात. पण ताई खारेपाटातल्या, खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीच्या पट्ट्यातल्या. समुद्राचा बांध फुटून खांड पडली की घरटी एका माणसाने जोळीत, म्हणजे गावच्या टोळीत, बांधावर जायचं ही त्यांच्याकडची रीत. खांडीत मोजकेच उतरतात. बाकीचे रांग धरून चिखलाचे गोळे हातोहात पुढे देतात. "सगली खांडीत उतरली का कोनालाच हात हलवता येत नाय," असं त्या वर्गात सांगत.

एका श्रावणी अमावस्येच्या उधाणाआधी त्यांच्या गावचा बांध दोन जागी खचला. एक जागा शेतांजवळ, दुसरी वाडीच्या तोंडाशी. वाडीत ताईंचं घर आणि अंथरुणाला खिळलेली आई. दुपारच्या भरतीआधी एकच जागा भरून होणार होती, कारण जोळीला माणसंच उरली नव्हती. निम्मी कंपनीत, निम्मी डंपरवर. घरं उंचावर आहेत, शेतं वाचवा, असं गाव म्हणत होतं. ताईंच्या जिवाला ते पटेना. त्यांनी कॉलेजातून फोन करून गावातल्या भावाकडून, रमेशकडून, बांधाची ताजी मापं मागवली आणि वारा कुठून, जागा कुठली भरली, अशा आठ शक्यतांत पाणी कुठवर पोचेल याची आठ गणितं एकदम मशीनवर चढवली.

ती संध्याकाळपर्यंतही संपायची नाहीत असं दिसायला लागलं. आकडेमोड करणाऱ्या प्रोग्रॅमला ताईंनी आणखी थ्रेड, म्हणजे एकाच वेळी राबणारे आणखी हात, दिले. काम आणखी रेंगाळलं. पुन्हा दिले, पुन्हा तेच. "मी आता काय करू हो?" त्यांनी मला विचारलं. मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. नुसतं बसून राहण्याची इतकी चीड मला कधी आली नसेल.

मग स्क्रीनकडे बघताबघता त्या ओरडल्या, "अगो बाय, सगली खांडीत उतरलीत!" मशीनमध्ये काम करणारे कोर सोळा. आठही गणितं आपापले सोळा थ्रेड सोडत होती आणि सगळे एकमेकांच्या अंगावर पडत होते. ताईंनी सगळं बंद केलं, एका गणिताला दोनच थ्रेड असं बांधून दिलं आणि नव्याने सुरू केलं. भरतीच्या आधी उत्तर हातात आलं.

उत्तर वाईट होतं. शेताकडची जागा भरली तर पाणी वाडीत छातीपर्यंत चढणार होतं. वाडीकडची भरली तर घरं वाचणार, शेतं जाणार.

फोनवर रमेश रडकुंडीला आला. "बाय, शेतान खारं पानी घुसलं का तीन वरसा भात नाय. तुजा कॉम्प्युटर चुकला तं?"

"चुकला तं शिव्या मला घाल. पन मानसा वाडीकडं ने. आय हाय तिथं."

त्याने नेली. शेतं बुडाली. वाडीत उंबऱ्यापर्यंतही पाणी आलं नाही, आणि तेच ताईंना भोवलं. न आलेलं पाणी कुणी पाहणार कसं? खारी झालेली शेतं मात्र सगळ्यांना दिसत होती. रमेश बहिणीशी बोलेनासा झाला. ताई माझ्याशी कडवट हसून म्हणाल्या, "गनित बरोबर आलं, म्हनून कोनाला पटत नाय."

पुढे त्या आजाराने गेल्या. त्यांचं सामान न्यायला रमेश कॉलेजात आला. पिशवी भरून झाली तरी निघेना. शेवटी म्हणाला, "सर, तवा घरान खरंच पानी आलं असतं?"

"आलं असतं."

"किती?"

मी छातीशी हात धरला. माझ्या हाताकडे तो बघत राहिला.

"दोन गनपती आमी तिला बोलावली नाय," तो म्हणाला आणि ताईंच्या खुर्चीत बसला.