चौथं कडवं

भुताखेताच्या गोष्टी लोकांनी सांगाव्यात आणि मी हसावं, अशी माझी रीत. देवाला मानते, रविवारी चर्चला जाते, पण बाकी असलं काही नाही. शाळा अर्धवट सुटली, पुढचं मिळेल ते वाचत मीच शिकले. तेव्हा मला घाबरट म्हातारी समजू नका...

आमच्या सांडोर गावाजवळ नवं वाचनालय झालंय. नुसती कपाटं नाहीत हं तिथं. खाली मुलं कॉम्प्युटरवर, वर बायकांचं शिवण, शनिवारी पोरींची गाणी — आणि गावची जुनी गाणी रेकॉर्ड करायला एक काचेची खोली. लग्नाच्या आदल्या दिवशी बायका वाजतगाजत विहिरीवर जातात ना, नवरा-नवरीच्या आंघोळीचं उंबराचं पाणी आणायला? ते गाणं आता तुम्हालाच येतं मावशी, देऊन टाका, असं ग्रंथपाल जेसिका माझ्या मागेच लागली.

खरं सांगू? मला तीनच कडवी यायची. चौथं माझ्या सासूला यायचं. एकदा भांडणात मी तिला म्हटलं होतं, तुमची गाणी तुमच्यापाशी ठेवा. तिनं ठेवली... आणि जाताना घेऊन गेली. नंतर मी पार निर्मळ गावापर्यंत विचारत फिरले. कुणालाच येईना. गाणं माझ्यामुळे तुटलं, हे फार सलायचं.

सकाळी अकराची वेळ, बाहेर लख्ख ऊन. खोलीत मी एकटी, काचेपलीकडे हेडफोन लावून जेसिका. तीन कडवी म्हटली, थांबले. तिनंही तीनच ऐकली — विचारा तिला.

मग तिनं स्पीकरवर लावलं. तिसरं संपलं, माझा श्वास ऐकू आला, आणि मागून खरखरीत आवाज —

"खाल्लंस गो? शेवटचं कडवं खाल्लंस?"

लग्नघरी मी अडखळले की सासू चारचौघींत मला असंच टोचायची. तोच सूर. आणि पुढे अख्खं चौथं कडवं, एका दमात. जेसिकानं गळ्यातला क्रॉस मुठीत धरला.

वाचनालयाच्या समितीतल्या सरांना बोलावलं. जुनी टेप मिसळली असणार म्हणाले. कुठली टेप? ती बाई फोटोलासुद्धा पाठ फिरवायची! मग म्हणाले, वाचनालयाचं नाव खराब होईल, पालक मुलांना पाठवणार नाहीत, तेवढा भाग पुसून टाका. जेसिकाचा हात माऊसवर गेलाही होता. मी तो धरला.

"पुसायचं तर माझी तीन पण पुसा, सर. आणि गाणं कुठं गेलं, ते गावाला तुम्हीच सांगा."

सर चष्मा पुसत बसले. रेकॉर्डिंग राहिलं.

आता शनिवारी पोरी तेच लावून शिकतात, त्या टोमण्यासकट. एखादी अडली की बाकीच्या तिला तस्संच विचारतात आणि खिदळतात.

तो आवाज आला कुठून, ते मला आजही सांगता येत नाही. जेसिकाला नाही, सरांना तर नाहीच. तुम्हाला येत असेल तर या, ऐका, माझ्यासमोर बसून सांगा. पण पुसा म्हणायला येऊ नका. इतक्या वर्षांनी, टोचून का होईना, तिनं ते मला दिलंय... मी परत करणार नाही.