सोडू नोको वं

भूतखेत, बाहेरचं, चकवा... असल्या गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नाही. आधीच सांगून ठेवते, म्हणजे खाली कॉमेंटमध्ये कोणी मला अंगारे-धुपारे सुचवायला नको. मी गडचिरोलीत एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. रिपोर्टमध्ये आलं ते आहे, नाही आलं ते नाही, इतका सरळ माझा कारभार. तरी हे लिहितेय, कारण दोन वर्षं झाली तरी डोक्यातून जात नाही.

माझा नवरा निखिल नाशिकचा. कॉलेजपासून दोर लावून कडे चढतो. नोकरीनिमित्त इकडे आला, माझ्याशी लग्न करून इथलाच झाला, पण बोली काही त्याला चिकटली नाही. मी चामोर्शीची. माहेरी गेलो आणि 'काय गं'चं 'काय वं', 'नको'चं 'नोको' सुरू झालं की हा नुसता हसत बसतो. एकदा हौसेनं बोलायला गेला, तर माझी आई म्हणाली, "राहू द्या जावईबापू, पोट दुखून राह्यलं हासून."

कड्यावर तर त्याची शिस्त अजून कडक. 'स्लॅक' म्हणजे दोर ढिला सोड, 'टेक' म्हणजे ताणून धर. या दोन शब्दांपलीकडे बडबड करायची नाही!

होळीच्या थोडं आधीची गोष्ट. चामोर्शीच्या पुढे जंगलाला लागून एक काळा कडा आहे, चार-पाच मजली इमारतीएवढा. गावाचं नाव लिहीत नाही, उगाच जत्रा भरायची. आम्ही दोघं आणि मूल गावचा आमचा मित्र प्रवीणभाऊ. दुपारी चढाई, मग तंबू, चुलीवरचं कोंबडं, असा बेत. मागच्या वाटेनं वर जाऊन दोर एका जाड झाडाला अडकवून घेतला. एक टोक निखिलच्या कमरेला, दुसरं खाली माझ्या हातात. तो पडला तर मी धरायचं. म्हणजे नवऱ्याचा जीव अक्षरशः माझ्या मुठीत.

मोबाइलमध्ये हवामान स्वच्छ दाखवत होतं. स्वच्छ कसलं, डोंबल! निखिल अर्ध्याच्या वर गेला आणि आभाळ असं काळं झालं की प्रवीणभाऊ तंबू धरायला पळाला. आधी वारा, मग गारा. बोराएवढ्या. हेल्मेटवर ताडताड वाजत होत्या, हात सोलून निघत होते. वर निखिल मला धड दिसतही नव्हता. त्याच्या उजव्या हाताला एक कपार होती, माणूस आरामात बसेल अशी. तिच्यात शिरायचं, गारा थांबेपर्यंत बसायचं... कोणीही शहाणा माणूस हेच करील. त्यासाठी मी फक्त दोर ढिला करायचा होता.

मी करणारच होते. इतक्यात वरून त्याचा आवाज आला. स्वच्छ.

"सोडू नोको वं. धरून राह्य."

मी दोर आवळला आणि तशीच उभी राहिले. पुन्हा तेच. "सोडू नोको वं."

प्रवीणभाऊ धावत आला. "वहिनी, ढील द्या ना! स्लॅक स्लॅक वरडून राह्यले ते! काऊन धरून राह्यल्या?"

"सोडू नको म्हणतोय तो!"

"कोण म्हणते? मले तं स्लॅकच आयकू येते!"

त्यानं दोराला हात घातला. मी त्याला कोपरानं ढकललं. इतकं जोरात, की तो चिखलात बसला. घाबरले होते मी, खोटं कशाला बोलू? रडत होते. पण मनात एकच... नाही सोडणार. आज ब्रह्मदेव आला तरी नाही सोडणार.

आणि मग कपारीचं छत खाली आलं. खाटेएवढी शिळा, तिच्यामागून पाणी, माती, दगड. सगळं उजवीकडच्या झुडपांत कोसळलं. निखिल तिथून हातभर अंतरावर माझ्या दोराला लटकत होता.

हळूहळू त्याला खाली घेतलं. ओठ निळे पडलेले. मला घट्ट धरून म्हणाला, "तुला कसं कळलं?"

"तूच तर म्हणालास, सोडू नोको."

"मी? घसा फुटेपर्यंत स्लॅक मागत होतो मी. शिव्या पण दिल्या तुला."

"तू म्हणालास. सोडू नोको वं."

"वं?" तो हसला. मग माझं तोंड बघून वर कपारीकडे बघू लागला.

तंबू, कोंबडं सगळं गुंडाळून आम्ही गडचिरोलीला परत आलो.

लोक म्हणतात, वाऱ्यामुळे भलतंच ऐकू आलं असेल. मान्य. वारा शब्द खातो. पण नाशिककराचा 'स्लॅक' उलटा करून, वर आमच्या बोलीत सांगणारा वारा कुठला हो? कोणी म्हणतं, तुझ्याच मनानं सांगितलं. मग माझ्या आवाजात सांगायचं होतं! आणि माझ्या मनाला काय ठाऊक, शिळा निसटणार आहे?

खूप विचार केला. उत्तर नाही माझ्याकडे. नवरा आहे.