विकणे आहे: पावसात न भिजलेली हिरवी गाडी

आमच्या उंटरवाइलर गावात कुणाकडं चार पैसे आले, की ते आधी लपवायची घाई होते. एखाद्यानं घरावर नवं छप्पर घातलं तर तो कुणी न विचारताच शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगत सुटतो, की जुनं फारच गळत होतं हो. एखादीनं नवा कोट घेतला तर पहिली दोन वर्षं तो ‘बहिणीचा जुना’ असतो. त्यामुळं ट्राउगोट नेगेलेनं निवृत्तीच्या वर्षी स्पोर्ट्स गाडी घेतली, तीही दोनच माणसं बसतील अशी, इंजिन सीटच्या मागं असलेली, तेव्हा ती घरी आणायला त्यानं नेमकी जर्मनीच्या फुटबॉल मॅचची वेळ निवडली. सगळं गाव टीव्हीसमोर होतं. गल्लीत मांजरही नव्हतं. रंगही त्यानं विचार करून घेतला होता, गडद हिरवा. लाल बोंब मारते, पांढरी चमकते, हिरवी कुंपणात मिसळून जाते, असा त्याचा हिशेब.

गावाला अर्थातच त्याच संध्याकाळी कळलं. समोरच्या हिल्डे क्युब्लरला तर गाडी वळणावर कितव्या गिअरमध्ये होती तेही सांगता आलं असतं. पण त्यानंतर अकरा वर्षं कुणी नेगेल्यांच्या तोंडावर त्या गाडीचा चकार शब्द काढला नाही. याला आमच्याकडं शेजारधर्म म्हणतात. मागं काय बोलायचं ते बोललोच.

ट्राउगोटचं सगळं आयुष्य खाली दरीतल्या कारखान्यात साचे घडवण्यात गेलं होतं, आणि गाडी त्याच कारखान्याची. गॅरेजमध्ये ती गालिच्याच्या चार तुकड्यांवर उभी असायची, एकेका चाकाखाली एकेक. अंगावर मऊ कापडाची खोळ. रविवारी उजाडताच तो ती बाहेर काढायचा, वर डोंगरपठारावर फिरवून आणायचा आणि चर्चच्या घंटा व्हायच्या आत परत खोळीत. आभाळात ढग असला तर तोही बेत रद्द.

शेजारच्या सीटवर त्याची बायको लोरे. आत बसायच्या आधी तिनं पाय बाहेर ठेवून टेकायचं, दोन्ही बूट एकमेकांवर आपटून माती झाडायची आणि मग पाय आत घ्यायचे, असा नियम होता. लोरेनं तो कधी मोडला नाही.

आता लोरे म्हणाल, तर ती द्राक्षमळेवाल्याची मुलगी. शाळेत असतानाच ती बापाचा अरुंद ट्रॅक्टर वेलींच्या दोन ओळींमधून उलटा काढायची, तोही अशा उतारावर की जिथं शेळीसुद्धा विचार करून पाय टाकेल. पुढं बचत बँकेच्या खिडकीत पस्तीस वर्षं बसली, गावातल्या प्रत्येकाकडं किती आहे हे जाणून होती आणि कधी बोलली नाही, म्हणजे बघा काय बाई असेल. घरातली करड्या रंगाची जुनी गाडी तीच चालवायची. हिरवी मात्र ट्राउगोटची. त्यानं कधी नाही म्हटलं नव्हतं, कारण तिनं कधी विचारलं नव्हतं. दर रविवारी इंजिन तिच्या पाठीला लागून गुरगुरायचं, आणि तिच्या पाठीला कळायचं, की आता गिअर बदलायला हवा. ट्राउगोट थोडा उशिरा बदलायचा. अकरा वर्षं दर खेपेला तोच उशीर. लोरे खिडकीबाहेर बघायची.

यंदा हिवाळ्यात ट्राउगोटच्या कमरेचा सांधा बदलला. डॉक्टरनं बजावलं, खाली वाकून बसायचं नाही. वसंत आला, सूर्य निघाला, आणि हा पठ्ठ्या गॅरेजमध्ये जाऊन गाडीत बसला. बसला तो बसलाच.

“लोरे, जरा हात दे.”

“दिलाय की.”

“दुसरा.”

“दुसऱ्यानं दार धरलंय. नाहीतर दोघंही आत.”

“जोरात ओढू नकोस. सीटच्या कडेला ओरखडा पडेल.”

“आणि तुझ्या कमरेचं काय?”

“कंबर नवीन आहे. ही सीट आता परत मिळायची नाही.”

गॅरेजचं दार आधी आतून बंद करून घेतलं होतं, हिल्डेला दिसू नये म्हणून. शेवटी लोरेनं त्याला काखेत धरून, बटाट्याचं पोतं काढावं तसं बाहेर काढलं. त्या रात्री मसूर आणि श्पेत्झ्ले, म्हणजे आमच्या अंड्याच्या शेवया, पुढ्यात असताना ट्राउगोट ताटाकडं बघत म्हणाला, “विकून टाकू.” लोरे म्हणाली, “बरं.” आणि स्वतःच्या ताटातले मसूर परत पातेल्यात ओतले.

जाहिरात त्यानं स्वतः लिहिली. पहिलाच मालक. धूम्रपान नाही. पावसात कधीच नाही. नाव दिलं नाही, गावही नाही. फोटो मागच्या कुंपणाशी काढला आणि नंबरप्लेट स्वयंपाकघरातल्या टॉवेलनं झाकली, म्हणजे कुणी ओळखायला नको.

शनिवारी सगळी गल्ली आपापल्या दारापुढचा रस्ता झाडत असते. हिल्डे झाडू घेऊन अगदी हद्दीपर्यंत आली.

“लोरे, तुझा निळ्या चौकटींचा टॉवेल इंटरनेटवर आहे म्हणे.”

“असेल.”

“मागचं कुंपणही ओळखीचं वाटलं बाई. कोपऱ्यात भगदाड पडलंय ते.”

“कुंपणं काय, सगळी सारखीच.”

“मग काय, विकताय?”

“काय?”

“टॉवेल गं.”

लोरे हसली नाही, पण तिचा झाडू जरा जोरात फिरला.

मग गिऱ्हाईकं यायला लागली. आता गिऱ्हाईक म्हटलं की गाडी चालवून बघणार, आणि घरातलं कुणीतरी बरोबर बसायला हवं. ट्राउगोटला बसता येत नव्हतं. म्हणजे लोरेनं बसायचं. बूट आपटायचे, पाय आत घ्यायचे, आणि कोण कुठला परका माणूस चाक हातात घेणार ते बघायचं. पहिल्याच फेरीला तिच्या मनात जे इतकी वर्षं दबा धरून बसलं होतं ते उठून उभं राहिलं. वाटेवरचा कुणीही ही चालवू शकतो, फक्त मी नाही. विकली जायच्या आधी एकदा, एकदाच, आपण त्या चाकामागं बसायचं. पण हे ट्राउगोटला सांगायचं कसं? इतक्या वर्षांनी मागायचं, तर आधी का मागितलं नाही तेही सांगावं लागणार.

पहिला आला तो हांबुर्गकडचा दातांचा डॉक्टर, टीडेमान नावाचा. गाडीभोवती फिरला आणि म्हणाला, “अप्रतिम. काय ठेवलीय हो. एखाद्या शिल्पासारखी.” ट्राउगोटचा चेहरा पडला. आमच्याकडं जो माणूस तोंडावर स्तुती करतो, त्याला एकतर काहीतरी उकळायचं असतं, नाहीतर काही कळत नसतं. तो आणि लोरे फेरी मारून आले.

ट्राउगोटनं लोरेला बाजूला घेतलं. “कसा चालवतो?”

“बोलतो.”

डॉक्टरला वाटेला लावायला तेवढं पुरलं. दुसऱ्यानं नुसताच फोन केला आणि विचारलं, “शेवटची किंमत काय?” ट्राउगोट म्हणाला, “आधी पहिली तरी विचारा,” आणि फोन ठेवला.

तिसरी आली बेआटे श्टाइंगर. किर्शहाइममध्ये तिचं औषधांचं दुकान. पन्नाशीची, केस आखूड, बरोबर स्वतःची बॅटरी आणि अंथरायला जुनी चटई. शनिवारची दुपार होती. ती ‘नमस्कार’ म्हणाली आणि चटई टाकून सरळ गाडीखाली गेली. आतून आवाज आला, “मागच्या डाव्या चाकात हवा कमी आहे.”

“शक्यच नाही,” ट्राउगोट म्हणाला आणि मोजायला गेला. कमी होती. सुईभर, पण होती.

“सीटची शिवण वाकडी आहे.” आता ती दारातून आत वाकली होती.

“कुठं?”

“ही. आणि काच घासताना कुणीतरी गोल गोल घासलीय. सरळ घासतात.”

ट्राउगोटचे गाल गुलाबी झाले. इतका सुखी तो लग्नातही दिसला नव्हता. तो म्हणाला, “आधी फेरी मारून या, मग कॉफी घेऊ.” आमच्याकडं कॉफीचं नाव सौदा ठरल्यावरच निघतं. लोरेला कळलं, गाडी गेली.

आणि बेआटे चालवायलाही चांगली निघाली. लोरेनं मन लावून चूक शोधली, सापडली नाही, त्यानं ती आणखी खिन्न झाली. द्राक्षमळ्यांमधून वळणं घेत वर, द्राक्षांचा रस गाळायच्या जुन्या घरापाशी आल्यावर बेआटेनं गाडी थांबवली आणि उतरली.

“आता तुम्ही चालवा.”

“मी?”

“बाजूला माझा नवरा बसणार. त्याला वळणावर मळमळतं. बाजूची सीट बघितल्याशिवाय मी काही घेत नाही. चालवता येते ना तुम्हाला?”

परवानगी नाही असं म्हणायला लोरेनं तोंड उघडलं, पण मग मनात आलं, तसं म्हटलंय कुणी?

“येते,” ती म्हणाली.

चाकामागं बसली तर पाय पोचेनात. सीट पुढं ओढली, आरसे हलवले. बूट आपटायचं राहून गेलं. गाडी निघाली, आणि खाली उतरणारा तो रस्ता, ज्याच्या दोन्ही बाजूंच्या वेली तिच्या बापाच्या होत्या, तो आता सरळ तिच्या हातात आला. पाठीमागचं इंजिन तेच होतं, पण इतकी वर्षं ते ट्राउगोटशी बोलत होतं आणि ही चोरून ऐकत होती. आज ते तिच्याशी बोललं. पाठीनं सांगितलं तेव्हा तिनं गिअर बदलला, क्षणाचा उशीर नाही. पहिलं वळण घेतलं. दुसरं घेतलं. तिसऱ्याला तिला हसू आलं, आणि ते काही केल्या आवरेना.

बेआटे म्हणाली, “तुम्ही ही नेहमी चालवता वाटतं.”

“हो. शेजारच्या सीटवरून.”

गल्लीत शिरली तेव्हा सगळे झाडू बाहेर होते. एकेक झाडू थांबत गेला. लोरेनं कुणाकडं बघितलं नाही, गाडी फिरवली आणि उलटी गॅरेजमध्ये घातली, चारी चाकं गालिच्याच्या चारी तुकड्यांवर, एका दमात. ट्राउगोटला हे आजवर एकदाही जमलेलं नव्हतं. तो फाटकाशी काठी टेकून उभा होता.

“चालवलीस,” तो म्हणाला.

“चालवली.”

“मी घेते,” बेआटे मध्येच म्हणाली. “किंमत लिहिलीय ती मान्य.” घासाघीस न करता मान्य म्हणजे बाईचा जीवच जडला होता. ट्राउगोटनं हात पुढं केला.

“ट्राउगोट, हात खिशात घाल,” लोरे म्हणाली.

“का?”

“गाडी विकायची नाही.”

हिल्डे झाडू घेऊन रस्त्याच्या अगदी कडेपर्यंत आली.

“विकायची नाही म्हणजे? मला बसता येत नाही तिच्यात.”

“मला येतं.”

“तुला?”

“उठताही येतं.”

रस्त्यापलीकडून हिल्डेला खोकला आला. तो खोकला नव्हता हे सगळ्यांना कळलं.

ट्राउगोटनं काठी या हातातून त्या हातात घेतली. “इतकी वर्षं बोलली का नाहीस?”

“तू विचारलंस का?”

“तूही नाही विचारलंस.”

“म्हणून तर आता सांगतेय. विचारत नाहीये, सांगतेय.”

“आणि रविवारी मी काय करू? घरात बसू?”

“इथं उभा राहा आणि ऐक. आतून पुष्कळ ऐकलीस. बाहेरून कशी वाजते माहितेय का तुला?”

ट्राउगोटला माहीत नव्हतं. त्या विचारानं तो जरा चक्रावलेला दिसला. मग तो बेआटेकडं वळला, जसा काही तीच पंच.

“हिनं कशी चालवली?”

बेआटेच्या हातून गाडी निसटत चालली होती. खोटं बोलायला तिला याहून चांगली वेळ मिळाली नसती. तिनं लोरेकडं बघितलं, मग गाडीकडं, आणि सुस्कारा टाकला.

“तिसऱ्या वळणाला थोडी रुंद घेतली.”

“आणि?”

“आणि काही नाही.”

“काहीच नाही?”

“शोधत होते मी. नाही सापडलं.”

ट्राउगोटनं हात खिशात घातला.

बेआटे अर्थातच रागावली होती, आणि तसं तिनं बोलूनही दाखवलं, येण्याजाण्याचं पेट्रोल कोण देणार म्हणून. पण लोरेनं कॉफी केली, वेणीसारखा विणलेला गोड पाव कापला, आणि जाताना बापाच्या मळ्यातल्या द्राक्षांच्या लाल दारूच्या दोन बाटल्या तिच्या हातात दिल्या. दारात बेआटे म्हणाली, “तुमची कंबर गेली की पहिला फोन मला.”

“माझी जात नाही,” लोरे म्हणाली.

“बघू,” बेआटे म्हणाली, आणि दोघी हसल्या.

जाहिरात ट्राउगोटनं काढली नाही. महिनाभराचे पैसे भरलेले होते, ते का सोडायचे? त्यामुळं पुढं कित्येक दिवस फोन वाजत राहिला आणि तो येणाऱ्या प्रत्येकाची उलटतपासणी घेऊन त्याला नापास करत राहिला. या उद्योगानं त्याची तब्येत चांगलीच सुधारली, असं हिल्डेचं मत आहे.

पण त्या शनिवारी संध्याकाळी, खोळ घालायच्या आधी, तो गाडीच्या उघड्या दाराशी बराच वेळ उभा होता. लोरे पायपुसणं झटकत आली.

“सीट पुढं घेतलीस,” तो म्हणाला.

“माझे पाय आखूड आहेत. आज कळलं का?”

“आरसेही हलवलेस.”

“हो.”

त्याचा हात सीटच्या खालच्या दांडीपाशी गेला. इतकी वर्षं ती सीट एकाच खाचेत होती. लोरे बघत राहिली. त्यानं दांडीवरची धूळ अंगठ्यानं पुसली आणि हात मागं घेतला.

“असू दे तशीच,” तो म्हणाला. “सारखी मागं-पुढं केली की पट्टी झिजते.”