इस्त्रीला न जुमानणारं कापड

टेलरच्या दुकानात दोन गोष्टी रोज जमतात, चिंध्या आणि किस्से. चिंध्या संध्याकाळी काकी झाडून टाकतात. किस्से कोण झाडणार? ते कटिंगच्या टेबलाखाली तसेच पडून राहतात. मी शहापूरला मास्तरांच्या दुकानात इस्त्रीवर एकोणीस वर्षं काढली, त्यातले निम्मे किस्से एका उन्हाळ्यातले आणि एकाच कापडाचे आहेत!

त्या एप्रिलमध्ये मास्तरांच्या पाठीवर घामोळ्यांचं पीक आलं होतं. टेरीकॉटचा शर्ट अंगाला असा चिकटायचा, की काढताना त्यांच्या बायकोला, म्हणजे आमच्या काकींना, मागून ओढावा लागायचा. अशात भिवंडीचा एक एजंट एक ताका टाकून गेला. निळ्या-पांढऱ्या बारीक पट्ट्या, आणि कापडभर सुरकुत्या. नाव सांगितलं सीअरसकर. "उन्हाळ्यात बाहेरचे मोठे मोठे साहेब हेच घालतात," म्हणाला.

मास्तरांनी पहिला शर्ट स्वतःला शिवला आणि इस्त्रीला माझ्याकडे टाकला. आता माझा लौकिक असा, की माझ्या घडीवर बोट फिरवलं तर कापतं म्हणायचे लोक. मी सुरकुती दाबली, ती उठली. पाणी शिंपडलं, जास्तच उठली. शेवटी सगळा जोर लावून, दुपारचा चहा सोडून मी तो शर्ट कागदासारखा सपाट केला आणि ऐटीत टांगला.

मास्तर आले, बघितलं. शर्ट बादलीत बुडवला, झटकला आणि दोरीवर टाकला. अर्ध्या तासात सगळ्या सुरकुत्या परत हजर!

"दत्तू," मास्तर म्हणाले, "तुला पयल्यांदा कोणीतरी हरवलं रे!"

*

मला चैन पडेना. असं कापड का करतात? मी एक तुकडा घेऊन त्याचे धागे सोडवत बसलो. एक पट्टी सरळ, दुसरी गोळा झालेली. पुढच्या खेपेला एजंटला धरलं, तेव्हा त्याने सांगितलं की मागावर काही धागे ताणून लावतात आणि काही मुद्दाम ढिले सोडतात. ढिले धागे गोळा होतात, तीच ही सुरकुती. त्यामुळे कापड अंगाला टेकतच नाही.

मास्तर खूश झाले. "म्हणजे आमच्या संसारासारखंच. एक ताणलेला, एक ढिला!"

काज करता करता काकींनी सुई थांबवली. "ढिला कोण ते सांगा, मग मी पुढचं काज करते."

त्या दिवशी मास्तरांनी सहा काजं स्वतः केली.

*

इथे एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढची गंमत कळायची नाही. मास्तरांचा मुलगा विनय कल्याणला नोकरीला. त्याचं म्हणणं, बाबा, आता पुरे, सगळे रेडीमेड घेतात, गाळा मोबाईलवाल्याला देऊन टाकू. रोजच्या कटकटीला कंटाळून मास्तरांनी त्याला दसऱ्याला शब्द दिला होता, "ज्या सिझनला माझ्या हातचे तीन कपडे परत येतील, त्या सिझनला मी स्वतः शटर ओढीन."

तोवर अडतीस वर्षांत एक कपडा परत आला नव्हता, म्हणून दिला शब्द! मास्तर शब्दाला पक्के, हीच पंचाईत. मशीन सोडून दुसरं काही करताना मी त्यांना कधी बघितलं नाही. दिवाळीची दोन दिवस सुट्टी घेतली तरी त्यांना ताप येतो. दुकान गेलं तर हा माणूस जगेल का, अशी मला खरोखर भीती वाटायची.

*

या कापडाचा पहिला शर्ट परत आणला तो आटगावच्या एका गुरुजींच्या बायकोने. गुरुजी खूश होते हो! पण सोमवारी शर्ट घालून शाळेत गेले, तर हेडमास्तरांनी बाजूला घेऊन हळूच विचारलं, "घरी सगळं ठीक आहे ना?" मंगळवारी शेजारीण डबा घेऊन गेली. बुधवारी वहिनी शर्ट घेऊन थेट आमच्या दुकानात!

"पंधरा वर्षं ह्यांच्या शर्टाला मी चुणी पडू दिली नाय, मास्तर! आता गावात बोंब झालीय, की मी भांडून माहेरी गेले म्हणून!"

"वहिनी, अहो ते कापडच तसं आहे."

"कापड असंल तसं. मी काय एकेकीच्या दारात जाऊन कापड दाखवू?"

शर्ट टेबलावर राहिला. विनयने रविवारी येऊन तो बघितला, आणि बापाला एक बोट वर करून दाखवलं.

*

मग आहेर. आमच्याकडे लग्नात शर्टपीस देतात आणि घरोघरी तो कपाटात जातो. पुढचं लग्न आलं की तोच पुढे सरकवायचा, ही रीत काही मी सांगायला नको. एका गिऱ्हाइकाने आमच्याकडून या कापडाचा एक पीस आहेरासाठी नेला. ज्याला मिळाला त्याला वाटलं पीस भिजलेला आहे, त्याने लगेच पुढच्या लग्नात दिला. त्यालाही तसंच वाटलं. असा एका सिझनमध्ये तो किती मांडव फिरला देव जाणे!

मे महिन्यात मास्तर मुरबाडला भाचीच्या लग्नाला गेले. व्याह्यांनी टोपी घालून, मानाने आहेर हातात दिला. घरी येऊन सोडला, तर काठावर स्वतःच्याच हातची पेन्सिलची खूण!

विनय म्हणाला, "हा दुसरा परत."

काकी कडाडल्या, "आहेर परत येत नाय रे विनू, आहेर फिरतो!"

विनयला हे मान्य करावं लागलं. काकींपुढे अपील नाही.

*

याच दिवसांत सिद्धगडाच्या पायथ्याच्या वाडीतले एक म्हातारबाबा आले. लेक शहापुरात दिलेली, तिच्यासाठी पानाच्या द्रोणात करवंदं घेऊन आलेले. लेकीने बापाला बंडी शिवायला पाठवलं होतं. बाबांनी सगळी कापडं बाजूला सारली आणि सुरकुत्यांच्या ताक्यावर हात ठेवला. मुठीत धरलं, सोडलं, गालाला लावलं.

"ह्याच्यात वारा बसतो," म्हणाले.

मी धागे उसवून आणि एजंटला धरून जे शिकलो, ते या माणसाला गालाने कळलं! मी चाट पडलो.

मापं देऊन झाल्यावर ते माझ्या टेबलापाशी उभे राहिले. बराच वेळ बघत होते. मी एका पँटची घडी पाडत होतो.

"तू रोज ह्याच करतस?"

"हो बाबा."

"आनी ते घालून बसले का मोडत नाय?"

"मोडतं की."

"मंग?"

इतक्या वर्षांत मला हे कोणी विचारलं नव्हतं. मी पँटचा दुसरा पाय घडीला घेतला.

*

दुसरा शर्ट परत आला तो बॅनरमुळे. मुरबाड रोडच्या एका गावातले भाऊ, सरपंचपदावर डोळा ठेवून होते. त्यांचा वाढदिवस आला. या कापडाचा नवा शर्ट घालून, हात जोडून फोटो काढला आणि बॅनरवाल्याला पाठवला. बॅनरवाल्याला वाटलं फोटोच खराब आलाय. त्याने कॉम्प्युटरवर बसून आधी भाऊंचा चेहरा गुळगुळीत केला, मग त्याच हाताने शर्टही!

बॅनर नाक्यावर लागला. भाऊंनी तो बघितला आणि अंगातला शर्ट बघितला. तडक दुकानात आले, मोबाईल समोर धरला.

"मास्तर, मला असा शर्ट पायजे."

"भाऊ, तो शर्ट हाच आहे."

"मग ह्याला तसा करा! उद्या लोक बॅनर बघतील आन् मला बघतील. काय बोलतील?"

काकींनी मोबाईल हातात घेतला. चष्मा वर करून फोटो बघितला, मग भाऊंना बघितलं.

"शर्टाचं आमी बघतो," त्या म्हणाल्या, "चेहऱ्याचं काय करायचं? तोपण इथंच ठेवून जाताव का?"

भाऊ शर्ट तिथेच उतरवून बनियनवर गेले. आम्ही हसलो, पण मास्तर हसले नाहीत. दोन झाले होते.

*

मेच्या शेवटच्या रविवारी विनय आला तो मोबाईलवाल्याशी बोलूनच. त्याला गाळ्याची मापं पाठवायची होती. त्याने मास्तरांच्या गळ्यातली टेप मागून घेतली आणि त्याच टेपने शटर मोजायला लागला. मास्तर रिकाम्या मशीनचं चाक फिरवत बसले होते. मला ते बघवेना, म्हणून मी उगाचच गार इस्त्री फिरवत होतो.

तेवढ्यात शेणव्याच्या कंट्रोलरबाई आल्या, हातात पिशवी. त्यांचे यजमान गणपतराव एसटीत कंट्रोलर होते, आता रिटायर. सगळ्या तालुक्यात इस्त्रीचं एवढं वेड दुसऱ्या माणसाला नसेल. रुमालाला सुद्धा घडी लागते त्यांना, लेंग्याला सुद्धा! ऊन फार म्हणून मास्तरांनी महिन्यापूर्वी त्यांच्या गळ्यात या कापडाचा एक शर्ट घातला होता. नेताना त्यांनी असं तोंड केलं होतं, की हा परत येणार हे मी तेव्हाच ओळखलं.

बाईंनी पिशवीतून शर्ट काढला आणि टेबलावर ठेवला. निळ्या-पांढऱ्या पट्ट्या. कागदासारखा सपाट, एक सुरकुती नाही.

विनयची टेप शटरवर तशीच थांबली. काकींनी सुई खाली ठेवली.

"आणलात परत," मास्तर खाली मान घालून म्हणाले. "काय चुकलं, वहिनी?"

"माझंच नशीब चुकलं!" बाई स्टुलावर बसल्या. "नवी सून आलीय ना घरात. सासऱ्यांना बरं वाटंल म्हणून काल दुपारभर बसली आन् हा असा करून ठेवला. सकाळपासून हे बनियनवर बसलेत. जेवले नाय, सुनेशी बोलले नाय. संध्याकाळी साखरपुड्याला जायचंय, तर म्हणतात मी येत नाय. मास्तरांकडं जा आन् पयला होता तसा चुरगाळून आण. मी घरी चुरगाळून दिला हो, तर म्हणतात ही मास्तरांची चुरगळ नव्हं!"

मास्तर उठले. शटरपाशी गेले, विनयच्या हातातून टेप काढून घेतली आणि आपल्या गळ्यात अडकवली. मग टेबलापाशी येऊन शर्ट दोन्ही हातांनी उचलला, उजेडात धरला, आणि मापं घेताना विचारतात तसं गंभीरपणे विचारलं,

"वहिनी, किती चुरगाळू?"