डबा एकटा जात नाही

गेल्या दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत माझ्या पर्समध्ये गॅसचा रेग्युलेटर होता. माझ्या पर्समध्ये काय काय निघतं यावर माझी मुलगी नेहमी हसते. खडूचे तुकडे, सुईदोरा, कुणाच्या तरी लग्नातली सुपारी. पण रेग्युलेटर तिलाही नवीन होता. तो मी वडिलांच्या स्वयंपाकघरातून काढून आणला होता, आणि काढताना चांगलीच तणतणले होते.

बाबा आमच्या गावी एकटे राहतात. गाव तिवस्याच्या जवळ, नागपूर रोडच्या फाट्यापासून थोडं आत. आई गेली त्याला आता दीड वर्ष होईल. वावर दुसऱ्याला बटईनं कसायला दिलेलं आहे, त्यामुळे शेतीची धावपळ नाही. मी अकोल्याला शाळेत शिकवते, भाऊ पुण्यात असतो, आणि माझी मुलगी अमरावतीला कॉलेजात आहे. बाबांनी पंच्याहत्तरी कधीच ओलांडली. उभ्या आयुष्यात त्यांनी साधा चहा केलेला नाही. आई ताट वाढायची आणि ते जेवायचे. आई गेल्यावर एक बाई स्वयंपाकाला यायची, तीही लेकीच्या बाळंतपणाला गेली ती परत आलीच नाही.

दिवाळीत मी गेले तेव्हा घराच्या दारातच गॅसचा वास आला. दूध उतू जाऊन शेगडी विझली होती, बटण सुरूच होतं, आणि बाबा अंगणात खाटेवर बसून मोबाईलवर बातम्या ऐकत होते. मी खिडक्या उघडल्या, सिलिंडर बंद केलं, रेग्युलेटर काढला आणि पर्समध्ये टाकला.

"बस झालं बाबा. आता अकोल्याले चला."

"काहून?"

"तुमाले चहा बी करता येत नाही म्हणून."

ते म्हणाले, "तेवढंच कारण हाय ना? मंग शिकलो तं राहू देशीन?"

भावाला फोन लावला. तो म्हणाला, ताई म्हणते तेच बरोबर. बाबांनी ते ऐकलं आणि न ऐकल्यासारखं केलं. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही. मला राग आला, आणि रागात माणूस जे बोलतो ते मी बोलले. "ज्या दिवशी तुमच्या हातचा डबा अमरावतीच्या स्टँडवर येईन, त्या दिवशी मी काही बोलणार नाही. तोवर रेग्युलेटर माह्याजवळ राहीन."

डब्याची गोष्ट उगाच तोंडात आली नव्हती. मी अमरावतीला शिकले ती त्या डब्यावरच. तेव्हा आमच्या भागातली कितीतरी पोरं अशीच शिकली. सकाळच्या पहिल्या एसटीनं गावोगावचे डबे शहरात यायचे. आई अंधारात उठून भाकरी करायची, बाबा सायकलवर डबा घेऊन फाट्यावर उभे राहायचे, ड्रायव्हर हात बाहेर काढून तो घ्यायचा आणि आपल्या शेजारी इंजिनच्या बॉनेटवर ठेवायचा. ते बॉनेट तापलेलं असायचं. अमरावतीच्या स्टँडवर आम्ही पोरापोरींची रांग असायची, आणि गाडी लागली की आम्ही दाराकडे नाही, ड्रायव्हरच्या खिडकीकडे धावायचो. बॉनेटच्या बाजूची भाकर गरम निघायची आणि तिला डिझेलचा थोडासा वास असायचा. मला तो वास आवडायचा, हे आईला मी कधी सांगितलं नाही.

डबा संध्याकाळच्या गाडीनं परत जायचा. पण रिकामा नाही. रिकामा डबा परत पाठवू नये, हा आईचा नियम. हॉस्टेलच्या पोरीजवळ टाकायला असतं काय? कधी एक पेरू, कधी दोन पेपरमिंटच्या गोळ्या, कधी मूठभर फुटाणे. बाबा फाट्यावर डबा हातात आल्या आल्या तिथंच उघडून पाहायचे, हे मला आईनंच नंतर सांगितलं.

हे सगळं मी मुलीला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "बसनं डबा? आणि कोणी खाल्ला तर?" तिचं बरोबर आहे. तिला भूक लागली की ती मोबाईलवर बोट ठेवते आणि हेल्मेट घातलेला कुणीतरी हॉस्टेलच्या गेटावर उभा राहतो. तिची अर्धी लेक्चरं कानात इअरफोनची बोंडं घालून होतात. माझ्या शाळेतही आता भिंतीवर मोठा पडदा आहे. मी नदीचं वळण खडूनं काढायला घेतलं की पोरं म्हणतात, मॅडम, पडद्यावर दाखवा ना. मी दाखवते, आणि मग उगाच एखाद्याला पाढे म्हणायला लावते. माझा स्वभावच तसा.

पण त्या हिवाळ्यात एक गोष्ट घडली, जी माझ्या शिकवण्याच्या हिशेबात बसत नव्हती. बाबांनी शिकवणी लावली, आणि मास्तरीण होती माझी मुलगी.

रोज संध्याकाळी तिचा व्हिडिओ कॉल जायचा. तिला स्वतःला भाकर येत नव्हती. ती आधी मोबाईलवर कुणाचीतरी भाकर पाहायची, मग आजोबांना सांगायची. दोघंही पहिल्या इयत्तेत. कधी कधी मलाही त्या कॉलमध्ये घ्यायची आणि मी तोंड मिटून पाहत राहायची. बाबा मोबाईल पिठाच्या डब्याला टेकवून ठेवत, त्यामुळे अर्धा वेळ आम्हाला त्यांचं धोतरच दिसायचं.

"आबाजी, पाणी गरम घ्या. कोमट नाही, गरम."

"घेतलं व. बोटं भाजली ना माही."

पहिल्यांदा मला वाटलं, गॅस नाही तर हे करणार काय? तर त्यांनी अंगणातली जुनी चूल सारवून घेतली होती आणि वावराच्या धुऱ्यावर रचलेली पऱ्हाटी आणून जाळत होते. कापूस निघून गेल्यावर उरलेल्या त्या वाळल्या काड्या धडाधड पेटतात. मी कॉलमध्येच ओरडले, "बाबा, या वयात चूल फुंकता काय?" ते पडद्यात तोंड घालून म्हणाले, "गॅस नेला तू. वावर तं नाही नेलं."

खाण तशी माती, माझं तोंड कुठून आलं ते मला ठाऊक आहे.

चुलीवर काही ठेवून ते विसरू नयेत म्हणून मुलीनं एका सुट्टीत जाऊन त्यांच्या मोबाईलमध्ये अलार्म लावून दिला, स्वतःच्या आवाजात. "आबाजी, चुलीपाशी जा! आबाजी, चुलीपाशी जा!" तो सकाळी वाजला की म्हणे शेजारचेही उठतात. घरच्या ग्रुपवर भाकरींचे फोटो येऊ लागले. पहिली भाकर पाहून वाटलं, ही मी नकाशा शिकवताना वापरावी. भाऊ पुण्याहून प्रत्येक फोटोला अंगठा दाखवायचा. मी काहीच दाखवत नव्हते.

खरं सांगायचं तर मला ते जमायला नको होतं. अकोल्याच्या घरात मी मागची खोली रिकामी केली होती. खिडकीत ऊन येईल अशी खाट लावली होती. मोर्णा नदीच्या पलीकडे जुन्या शहरातून त्यांच्या पाठीला टेकायला कापसाचा लोड भरून आणला होता. गावात रात्री-बेरात्री काही झालं तर कोण धावणार, या विचारानं मला वर्गात शिकवतानाही धडधडायचं. डबा येऊ नये, एवढंच मला हवं होतं.

संक्रांतीच्या आधीच्या शनिवारी ग्रुपवर बाबांचा निरोप आला. उद्या सकाळच्या गाडीनं डबा पाठवतो, स्टँडवर राहजा.

मी रविवारी अकोल्याहून निघाले. पूर्वी या रस्त्यानं हाडं खिळखिळी व्हायची. आता चहाचा घोट सांडत नाही इतका रस्ता गुळगुळीत आहे. मूर्तिजापूर मागे पडलं तरी कळलं नाही. स्टँडवर मुलगी आधीच उभी होती, माझ्यापेक्षा जास्त घाबरलेली. परीक्षा तिच्या विद्यार्थ्याची होती ना.

"आई, नापास नको करू हं त्यांना."

"पाहू."

नागपूरकडून येणारी गाडी आली. विजेवरची नवी गाडी, आवाज नाही, धूर नाही, समोर उभी राहिली तेव्हा कळलं. दार आपोआप उघडलं. आणि मी, पन्नाशी उलटलेली बाई, दार सोडून ड्रायव्हरच्या खिडकीकडे धावले. काच बंद होती. मी ठोठावली. तरणा ड्रायव्हर माझ्याकडे पाहतच राहिला.

"तिवस्याकडचा डबा आला काय हो?"

"डबे नाही घेत मावशी आता. सोबत माणूस पाहिजे."

मी आत डोकावले. त्याच्या शेजारी बॉनेटच नव्हतं. सपाट जागा आणि एक पाण्याची बाटली. म्हणजे डबा आलाच नव्हता, आणि मी जिंकले होते. पण बाबा भल्या पहाटे उठले असतील, थंडीत फाट्यावर उभे राहिले असतील, आणि कुणीतरी नाही म्हटल्यावर डबा घेऊन तसेच माघारी वळले असतील, हे सगळं मला दिसायला लागलं. मी फोन लावला. वाजत राहिला, उचलला नाही. आणि वाजल्याचा आवाज गाडीतूनच येत होता.

सगळी माणसं उतरल्यावर मागून बाबा आले. टोपी, धोतर, अंगावर शाल, आणि शालीच्या आत पोटाशी काहीतरी धरलेलं. एका हातानं दांडा पकडून ते पायरी पायरीनं उतरले. शालीतून डबा काढला. तोच, आईच्या नावाचा, कडीला दोरी बांधलेला.

"डबा एकटा जात नाही म्हणे आता," ते म्हणाले. "त्याले तं सोबत लागते. मले तं या वयात तिकीट बी लागत नाही. मंग मीच बसलो."

मुलीनं डबा हातात घेतला. "आई, गरम आहे अजून!"

"गाडी थंडी हाय व ते. मांडीवर घेऊन बसलो, वरून शाल घातली."

मी आधी रागावले. न सांगता कसे निघाले, फोन का उचलला नाही, पायरीवरून पडले असते म्हणजे. ते सगळं ऐकून घेत बाकावर बसले आणि डबा उघडून माझ्यासमोर ठेवला. भाकर, झुणका, ठेचा, एका कांद्याचे चार तुकडे. भाकर जाड होती, एका कडेला कच्ची. झुणक्यात मीठ जास्त. आईच्या हातची चव नव्हती. ती असती तर मी तिथंच रडले असते आणि त्यांना तसंच अकोल्याला नेलं असतं. ही चव कुणाचीच नव्हती, त्यांची स्वतःची होती. आपला हात जगन्नाथ. मुलीनं दीड भाकर खाल्ली. बाबा माझ्या तोंडाकडे पाहत होते, निकाल लागायच्या दिवशी पोरं पाहतात तसे.

"कसं झालं?"

"मीठ जास्त आहे."

"ते तं हाय. बाकी?"

मी डबा घेतला, नळावर गेले, पुडं घासली, पदरानं पुसली. परतीच्या गाडीला थोडाच वेळ होता. डबा बंद करताना हात थांबला. रिकामा कसा पाठवायचा? पर्समध्ये हात घातला. खडू, सुईदोरा, सुपारी. आणि तो रेग्युलेटर.

बाबांनी डबा हातात घेतला, तो वाजला. त्यांनी तिथंच, उभ्या उभ्या, झाकण उघडून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. माझ्याकडे मात्र पाहिलं नाही, नातीकडे वळले.

"थो अलार्म बदलून दे व पोरी. आता चुलीपाशी नाही, गॅसपाशी."

तिनं त्यांचा मोबाईल घेतला आणि रेकॉर्डिंग सुरू करून तोंडाशी नेला. मी तो तिच्या हातातून काढून घेतला. भरल्या स्टँडवर, माणसं वळून पाहतील इतक्या मोठ्यानं, मी त्यात बोलले, "बाबा, गॅस बंद केला काय?"

आता रोज सकाळी तिकडे स्वयंपाकघरात माझा आवाज ओरडतो. त्याच वेळी मी अकोल्यात शाळेच्या गेटाशी पोचलेली असते. मोबाईलवर त्यांचा एक शब्द येतो, 'केला'. तो येईपर्यंत मी वर्गात जात नाही.